तिसरा, पाचवा, सातवा

३ जून

प्रिय धाकटे,

ठकी सुखरूप पोचली असेल. आठवडाभर राहिली आणि घर पुन्हा रिकामं करून गेली. पोचल्याचं तूच कळव. हल्ली माझ्या मुलीची बित्तंबातमी मला तुझ्याकडूनच कळायची पद्धत पडली आहे.

रागावून लिहीत नाही. कॉलेज संपल्यावर तू तिला तुझ्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलंस, कागद कारखान्यात तुझ्या हाताखाली कामाला लावलंस, हे मी विसरलेले नाही. पण या मुक्कामात तिने जेवढ्या वेळा 'मावशी म्हणते' म्हटलं, तेवढ्या वेळा 'आई' म्हटलं नाही. चहात साखर नको, कारण मावशी घेत नाही. टॉवेलची घडी तिहेरी, कारण मावशी तशी घालते. केस तर तुझ्यासारखे मानेपर्यंत कापूनच आली. ती वेणी शाळेच्या पहिल्या दिवसापासून माझ्या हातची होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, छान दिसतंय की, आणि पेपरमागे गेले. माणूस सुज्ञ आहे, पेपर मोठा घेतो.

आता खरी गोष्ट. शुक्रवारी तू तिला कारखान्यातून फोन केलास. तुमच्या फोनवर ती कायमची गुणगुण असते म्हणून ती ओरडून बोलत होती. मी कान देऊन ऐकत नव्हते. दार उघडं होतं आणि मी दाराशी होते, इतकंच. ती म्हणाली, "मावशी, तिसऱ्याचं मला काही वाटत नाही, तो घरातल्या घरात फिरत राहील, बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. पण पाचवा आणि सातवा सरळ वर जातात, शेजाऱ्यांपर्यंत बोभाटा झालाय. पाचव्यासमोर तसलाच दुसरा उलटा उभा केला, की दोघंही गारद."

मी दारातच खाली बसले. आईच्या पाठीमागे सात-सात मुलं पाहून झाली? आणि तो तिसरा घरातल्या घरात फिरतो म्हणजे कुणाच्या घरात? तुझ्या क्वार्टरला दोनच तर खोल्या आहेत. मुलगी तुझ्याकडे कामाला पाठवली, उजवायला नाही.

आणखी एक. इथल्या तंत्रनिकेतनात वीज शिकवायला माणूस हवा आहे. घरापासून चालत जाता येईल. मी तिच्यावर काही लादत नाही. तूही लादू नकोस.

तुझी ताई

११ जून

प्रिय ताई,

ठकी पोचली. तुझं पत्र मी तिला सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. 'दोनच तर खोल्या' इथे आल्यावर चहा तिच्या नाकातून बाहेर आला. तेव्हा आधी निश्चिंत हो. ठकीने तिघांनाही नकार दिला आहे.

अगं, ते मुलगे नव्हेत. पूर्ण नाव हार्मोनिक. आम्ही कारखान्यात त्यांना नुसत्या आकड्यांनी हाक मारतो. वीज सेकंदाला पन्नास झोके घेते. त्या झोक्यात पाचपट घाईने थरथरणारा दुसरा एखादा मिसळला, तर तो पाचवा. सातपट असेल तो सातवा. आमच्या दोन नव्या यंत्रांना मोटरींचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह बसवले आहेत. ते शहाण्यासारखे एका लयीत वीज पीत नाहीत, घुटके घेत ओढतात. त्या घुटक्यांतून हे दोघे जन्माला येतात.

तिसऱ्याचं खानदान वेगळं. तो कचेरीतल्या संगणकांतून आणि दिव्यांतून येतो. ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या अंगाला तारेची तीन वेटोळी त्रिकोणात जोडलेली असतात, त्याला डेल्टा म्हणतात. तिन्हींतला तिसरा एकाच वेळी, एकाच दिशेने येतो, म्हणून त्याला वर जायला वाट सापडत नाही. त्या त्रिकोणात गोल फिरत राहतो. बाहेर कुणाला कळत नाही, आत मात्र तापतं. हा तुझा घरातल्या घरात फिरणारा.

पाचवा आणि सातवा तसे नाहीत. लोकांना वाटतं ट्रान्सफॉर्मर म्हणजे मधली भिंत. भिंत कसली, दार आहे ते. हे दोघे त्यातून निघून वरच्या लाइनीवर जातात आणि तिथून लाइनीवरच्या सगळ्यांच्या घरी. शेजारी बर्फाचा कारखाना आहे, त्यांचे कपॅसिटर फुगून फुटले. बर्फवाले रोज येऊन आमच्या नावाने बोटं मोडतात. आणि ट्रान्सफॉर्मरवर भार पाटीवर लिहिल्यापेक्षा कमी असूनही त्याच्या टाकीला हात लाववत नाही. तो असाच तापत राहिला तर एक दिवस जळेल, आणि दोन्ही यंत्रं बसतील.

यावरचा उपाय आमच्या ठकीने सुचवला. सध्या दोन्ही यंत्रांना एकाच जातीचे ट्रान्सफॉर्मर आहेत: वर त्रिकोण, खाली तारा, म्हणजे तिन्ही वेटोळी चांदणीसारखी मध्ये जुळलेली. बंद पडलेल्या जुन्या विभागात एक पडून आहे, दोन्ही अंगांनी त्रिकोणाचा. एका यंत्राला तो लावायचा. मग एकातून वर येणारा पाचवा दुसऱ्यातल्या पाचव्याच्या नेमका उलटा पडतो. एक चढताना दुसरा उतरतो, आणि वरच्या लाइनीवर उरतं शून्य. सातव्याचंही तसंच. अकरावा आणि तेरावा निसटतात, पण ते बारीक आहेत. फोनवरची गुणगुणही याच मंडळींची कृपा.

तंत्रनिकेतनाचं तिचं तिने ठरवावं. मी कुणाशी काही बोललेले नाही.

तुझी धाकटी

१९ जून

प्रिय धाकटे,

समजावून सांगितलंस, कळलं. गाणं शिकवणाऱ्या बाईला हार्मोनिक शिकवायला एवढी पानं लागत नाहीत. पियानोची एक पट्टी दाबली तरी तिच्या पोटात तिचा तिसरा, पाचवा, सातवा मंद वाजत असतात. ते नसते तर पियानो म्हणजे पत्र्याचा डबा. तुझ्याकडे जो कचरा, त्याला माझ्याकडे गोडवा म्हणतात. पण हे राहू दे.

माझं पत्र तू चहाच्या टेबलावर वाचून दाखवलंस. ते तुला लिहिलेलं होतं. तुम्ही दोघी हसलात, ते इथपर्यंत ऐकू आलं. मी मुलगी दिली ती काम शिकायला, माझ्यावर हसायला जोडीदारीण म्हणून नाही.

आणि 'आमच्या ठकीने'. हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या म्हणजे कुणाच्या? कारखान्याच्या, की तुझ्या?

लहानपणी माझं सगळं तुझ्याकडे जायचं. शाळेचा निळा कोट, दप्तर, कोपऱ्यात माझं नाव भरलेले रुमाल. भरतकामाच्या सिस्टर ते नाव उसवून तुझं घालायला सांगायच्या आणि मी मुकाट्याने उसवायचे. कधी तक्रार केली नाही. मोठ्या बहिणीने करायची नसते. पण एक ध्यानात ठेव. माझं वापरून झालेलं सगळं तुला मिळालं. मुलगी माझी वापरून झालेली नाही.

तिला ऑगस्टच्या आधी इकडे पाठव. तू सांगितलंस तर ऐकेल. माझं ऐकत नाही, हे लिहावं लागतंय यातच काय ते ओळख.

ताई

८ जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला. आधी रागावले होते, मग ट्रान्सफॉर्मर बदलायचं काम निघालं, मग पुन्हा रागावायला सवड मिळाली.

कोटाचं काढलंस म्हणून सांगते. तो माझ्याकडे यायचा तेव्हा त्याची कोपरं तुझ्या आकाराने फुगलेली असायची. कितीही इस्त्री केली तरी बाही तुझीच. वर्गात शिरले की सिस्टर म्हणायच्या, अगदी मोठीसारखी दिसतेस, आणि लगेच म्हणायच्या, पण ती गायची. मला घडी न मोडलेलं असं एकही वस्त्र शाळा संपेपर्यंत अंगावर घालायला मिळालं नाही. तू देत होतीस, खरंय. पण तू काढून ठेवल्याशिवाय माझं काही सुरूच होत नसे.

आता ठकीचं. तिला मी पळवली असं तुला वाटतं. मग हे ऐक.

हे सगळं लक्षात कसं आलं माहीत आहे? मीटरने नाही. मीटर आम्ही मागाहून लावला. ती रुजू झाली त्याच आठवड्यात मी तिला ट्रान्सफॉर्मरच्या अंगणात नेलं. तो घुमत होता, नेहमी घुमतो. मी त्याच्या शेजारून इतकी वर्षं जातेय. ही दोन पावलं पुढे गेली, मान कलती केली आणि म्हणाली, "मावशी, हा सूर स्वच्छ नाही. यात वरचं काहीतरी घुसलंय." आणि तिथे, फिटरांच्या देखत, तिने तो वरचा सूर हलक्या आवाजात गाऊन दाखवला. दुसऱ्या दिवशी मीटर लावला, तर पडद्यावर पाचवा हा एवढा उंच.

मी विचारलं, तुला कसं कळलं. तर म्हणाली, आई समूहगानात चाळीस मुलींतली एक जरी घसरली तरी पेटी थांबवायची, मी तिच्या मांडीशी बसून ऐकायचे.

ताई, इथे मी तिला तारा आणि त्रिकोण शिकवले. पण कान तू आधीच देऊन ठेवले होतेस. ती माझ्याकडे आली तीसुद्धा कोपरं तुझ्या आकाराने फुगलेलीच आली. टॉवेलच्या तिहेरी घडीवर तू जळतेस? मी त्या दिवशी अंगणात कशावर जळले असेन, विचार कर.

नवी जोडणी छान चालली आहे. टाकीला हात लावता येतो, फोन स्वच्छ झाला, बर्फवाले यायचे थांबले. एकच अट आहे, दोन्ही ट्रान्सफॉर्मरांवर भार सारखा हवा. परवा एका यंत्राचा रूळ बदलायला ते बंद ठेवलं, तर दुसऱ्याचा पाचवा, समोर अडवायला कुणी नाही म्हणून, थेट बर्फवाल्यांकडे. मला आपल्या दोघींची आठवण झाली. दोघी सारख्या जोराने ओढतोय तोवर ठकी मध्ये निवांत.

धाकटी

१४ जुलै

प्रिय धाकटे,

अंगणातला तो प्रसंग मी ह्यांना वाचून दाखवला. मग त्यांचं लक्ष नव्हतं असं वाटून पुन्हा वाचला. मग शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांनाही. तू जळलीस हे वाचून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या रात्री मी साखर घालून दूध प्यायले.

तुझी कोपरांची गोष्ट मात्र मनात राहिली. मला वाटायचं, तुला कोट आवडायचा.

पण तुझे ट्रान्सफॉर्मर माझ्या घरात आणू नकोस. भार सारखा, म्हणे. तुझ्याकडे ती सकाळचा चहा घेते, तुझ्या शेजारी उभी राहून काम करते, आजारी पडली तर तुला दिसते. माझ्याकडे येते ती पाव्हण्यासारखी, येताना फळं आणते. हा सारखा भार? तुझं यंत्र पूर्ण जोरात चाललंय आणि माझं केव्हाच बंद पडलंय.

तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांची गाठ बाजारात पडली. तिची चौकशी करत होते. मी म्हटलं, तिचं ती ठरवेल. दुसरं काय म्हणणार. तू तेवढं तिला सांग, की इथल्या प्रयोगशाळेत खिडकीतून झाडं दिसतात.

तुझी ताई

२५ जुलै

प्रिय आई आणि मावशी,

हे पत्र मी दोनदा हाताने लिहिलं आहे, शब्दन् शब्द सारखं. कार्बन वापरला असता, तर खालची प्रत कुणाच्या वाट्याला आली यावर तुमचं वर्षभर भागलं असतं.

सोमवारी कारखान्याच्या मॅनेजरांनी बोलावून माझं अभिनंदन केलं. मला कायम केलं होतं. मी म्हटलं, मी तर मागितलं नव्हतं. ते म्हणाले, तुमच्या मावशींनी जूनच्या सुरुवातीलाच शब्द टाकला होता.

बुधवारी तंत्रनिकेतनातून वेळापत्रक आलं. मंगळवारी आणि गुरुवारी दुसऱ्या वर्षाला मी शिकवणार, असं त्यात छापलं होतं. मी कळवलं, मी तर अर्जही केलेला नाही. ते म्हणाले, तुमच्या आईंनी हो सांगितलं आहे.

दोन दिवस मी डबा न उघडताच परत आणला. मावशीला वाटलं पोट बिघडलंय.

जुना ट्रान्सफॉर्मर जोडण्याआधी तपासायला तो बनवणाऱ्या कंपनीतून एक बाई आल्या होत्या. मी काढलेली जोडणीची आकृती पाहून त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, आमच्या तपासणी विभागात येतेस का. मी नाही म्हटलं होतं, कारण तुम्हा दोघींना काय वाटेल. गुरुवारी मी त्यांना हो कळवलं. एक तारखेला रुजू व्हायचं आहे. गाव लांब आहे, दोघींनाही.

विचारत नाही, कळवते आहे. रागावले होते, आता नाही. एवढंच म्हणते, मी टॉवेलची घडी कशीही घातली तरी तो माझा टॉवेल आहे.

तुमची ठकी

३० जुलै

धाकटे,

'मी कुणाशी काही बोललेले नाही.' तुझं पत्र समोर ठेवून लिहिते आहे. जूनच्या सुरुवातीला म्हणजे ती इथे माझ्याकडे होती तेव्हाच. पोरगी माझ्या घरात झोपलेली आणि तू तिकडे तिची खुंटी ठोकत होतीस.

तुझ्यामुळे ती गेली.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

आणि 'तिचं ती ठरवेल, दुसरं काय म्हणणार'? वेळापत्रक छापून होईपर्यंत बाजारातली ती गाठ बरीच लांबली म्हणायची.

तुझ्यामुळे गेली. माझ्यामुळेही. ती गाडीत बसताना मी डबा द्यायला विसरले आणि डबा हातात घेऊन गाडीबरोबर धावले. या वयात. तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, मावशी पडशील. डबा माझ्याकडेच राहिला. दुपारी कचेरीत बसून मी तो खाल्ला.

तिची खोली आवरते, पण आवरल्यासारखी वाटत नाही. तिची कंगवा ठेवायची जागा रिकामी आहे आणि मी तिथे काही ठेवत नाही. तुझ्या घरी असं किती वर्षं आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

धाकटी

२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

तुला ठकीची किती पत्रं आली? मला तीन. खरं सांग.

आणि तुझ्या पत्रांतही ती घरमालकीण आहे का? माझ्या प्रत्येक पानावर आहे. कोण, कुठली, ठकी तिला काकू म्हणते. काकू म्हणतात सकाळी उपाशी बाहेर पडू नये. काकूंनी बटणाचं काज शिवायला शिकवलं. अगं, मी सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली काज शिवणारी. सात वर्षं तिच्या मागे लागले, तेव्हा म्हणायची, आई, आता चेन मिळते. काकूंना गुडघ्याचा त्रास आहे म्हणून ही संध्याकाळी त्यांची भाजी आणते. माझा गुडघा काय लाकडाचा आहे? आणि परवाच्या पत्रात तर कहर आहे. काकूंनी शेजारणीला ओळख करून देताना सांगितलं, "ही आमची ठकी."

आमची. जाऊन जेमतेम महिना झालाय. तू निदान रक्ताची होतीस.

ह्यांना दाखवलं तर म्हणाले, बरं झालं, पोरीला कुणीतरी बघणारं आहे. मग पेपर.

तू रविवारी इकडे ये. सोमवारी आपण दोघी मिळून जाऊ आणि ती बाई कोण आहे ते एकदा बघून येऊ. भांडायला नाही, सभ्यपणे, फळं घेऊन. तुझी ती करडी साडी नको, त्यात तू थकलेली दिसतेस, आणि त्या बाईसमोर आपण थकलेलं दिसायचं नाही. माझ्याकडे एक निळी आहे, दुकानातून आणली तशीच, घडी मोडलेली नाही. ती तू नेस.

दार ठकी उघडेल. ती आधी कुणाच्या गळ्यात पडते, तिकडे मी बघणार नाही.

तुझी ताई

६ सप्टेंबर

प्रिय ताई,

मलाही तीनच. आणि त्या बाईने तिला थर्मास दिलाय, हे तुला कळवलेलं दिसत नाही.

रविवारी येते. साडी नेसेन. ठकी आधी कुणाच्या गळ्यात पडते तिकडे तू बघू नकोस. मी बघणार आहे, आणि बेल मीच वाजवणार.

तुझी धाकटी